‘घाबरला’ असं लिहायचं नाही

पहिल्या दिवशी उंदीर कुणाच्या हातात देत नाहीत. नवाकोरा अ‍ॅप्रन चढवून, मोबाइल चार्ज करून आलेली वीसेक मुलंमुली तिथंच हिरमुसतात. त्यांच्यापुढं पडदा सोडतात आणि पाच मिनिटांची एक चित्रफीत लावतात. मोकळी चौकोनी पेटी, तिच्यात एक पांढरा उंदीर, वरून धरलेला कॅमेरा. आवाज नाही. प्रत्येकाजवळ कागद-पेन्सिल. उंदीर काय करतो ते लिहायचं, बस्स.

फीत संपली की कागद वाचून दाखवायचे. ‘उंदीर घाबरून कोपऱ्यात बसला.’ ‘बाहेर पडायची वाट शोधत होता.’ ‘नंतर त्याला कंटाळा आला.’ एकीनं एकदा ‘घरची आठवण येत असावी’ असंही लिहिलं होतं, आणि ती गंमत करत नव्हती.

“घाबरला हे कुठं दिसलं?”

“दिसतंच की सर.”

“काय दिसलं ते सांग.”

“कोपऱ्यात बसलावता.”

“किती वेळ?”

पेठवडगावहून आलेला तो पोरगा गप्प. कुठल्या कोपऱ्यात, तोंड भिंतीकडं होतं की मोकळ्या बाजूला, मिशा हलत होत्या का, बसला होता म्हणजे पोट जमिनीला टेकलं होतं का? कुणालाच सांगता येत नाही. मग फीत पुन्हा लावायची. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती चार वेळा लागते, आणि चौथ्या खेपेला कागदावर ‘घाबरला’ हा शब्द उरत नाही. त्याच्या जागी येतं: ‘डावा वरचा कोपरा, ४० सेकंद, हालचाल नाही, श्वास दिसतो.’

अशा कार्यशाळांना मी कोल्हापूर आणि आसपास शिकवायला जातो. विषयाचं भारदस्त नाव वर्तन-मेंदूविज्ञान. म्हणजे प्राणी काय करतो ते मोजायचं आणि त्यावरून त्याच्या मेंदूत काय चाललंय याचा माग काढायचा. येणारी मंडळी बहुतेक एम.फार्म.ची, थोडी प्राणिशास्त्राची, एखाददुसरा मेडिकलचा. वारणानगर, सांगली, गडहिंग्लज, निपाणीकडची. कार्यशाळा तीन ते पाच दिवसांची. एवढ्यात कुणी मेंदूशास्त्रज्ञ होत नाही, पण मोजमाप म्हणजे काय हे कळायला पाच दिवस पुरतात, नीट वापरले तर.

गरज का पडते तेही सांगतो. पूर्वी पदवीच्या वर्गातच जनावर हाताळलं जायचं. प्राणिशास्त्राच्या मुलांच्या हातात बेडूक-झुरळ, फार्मसीच्या मुलांच्या हातात उंदीर. पुढं नियम बदलले. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१४ साली प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातली विच्छेदनं बंद केली, आणि फार्माकॉलॉजीची प्रात्यक्षिकं संगणकावर गेली. पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये तयार झालेलं ‘एक्सफार्म’ हे सॉफ्टवेअर आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत त्यासाठीच वापरतात. हे चांगलंच झालं. शंभर पोरांना तोच तो परिणाम दाखवायला शंभर जनावरं कशाला हवीत? पण त्यामुळं संशोधनाच्या दारात उभा असलेला एम.फार्म.चा विद्यार्थी असा असतो की, त्यानं पडद्यावरचा उंदीर पन्नास वेळा पाहिलाय आणि खऱ्याला एकदाही हात लावलेला नाही. पडद्यावरचा उंदीर चावत नाही, मुतत नाही, आणि त्याचं उत्तर दर वेळी तेच येतं. खरी अडचण या तिसऱ्या गोष्टीत आहे.

दुपारी शब्दकोश करायचा. प्राण्याच्या प्रत्येक हालचालीला नाव आणि त्या नावाची हद्द ठरवलेली यादी, तिला इथोग्राम म्हणतात. ऐकायला सोपं आहे. रिअरिंग म्हणजे मागच्या पायांवर उभं राहणं, पण पुढचे पंजे भिंतीला टेकलेले असले तर? काहीजण ते वेगळं धरतात, काही एकत्र. दोन्ही चालतं, फक्त आधी ठरवायला हवं. ग्रूमिंग म्हणजे अंग साफ करणं. तिथंही बारकावा आहे. निवांत उंदीर एका क्रमानं जातो: पंजे चाटून नाक-मिशा, मग चेहरा, कानामागं, मग अंग आणि शेवटी शेपूट. ताणाखाली हा क्रम मध्येच तुटतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणजे ‘ग्रूमिंग ३० सेकंद’ एवढंच लिहिणाऱ्याच्या वहीत निवांत उंदीर आणि बिथरलेला उंदीर सारखाच दिसेल.

मग जोड्या पाडायच्या. दोघांनी एकच फीत वेगवेगळी बसून बघायची. पाच मिनिटांचे पाच-पाच सेकंदांचे साठ तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात ग्रूमिंग होतं की नव्हतं तेवढी खूण. समजा दोघांनीही सहा-सहा तुकड्यांवर खूण केली, त्यातल्या तीनच जुळल्या, आणि ५१ तुकड्यांवर दोघंही ‘नाही’ म्हणाले. साठपैकी ५४ ठिकाणी एकमत, म्हणजे ९० टक्के. जोडी खूश. पण ग्रूमिंग मुळातच क्वचित होतं, आणि डोळे मिटून ‘नाही, नाही’ लिहीत गेलं तरी बहुतेक तुकडे जुळणारच. नुसत्या योगायोगानं किती जुळलं असतं याचा हिशेब या आकड्यांवर ८२ टक्के येतो. म्हणजे योगायोगापलीकडं जुळायला वाव होता १८ टक्क्यांचा आणि त्यातले जुळले ८. भागाकार ०.४४. याला कोहेनचा कप्पा म्हणतात, १९६० सालचं गणित आहे. नव्वद टक्क्यांवर खूश असलेली जोडी फळ्यावरचा ०.४४ बघते तेव्हा खोलीत जी शांतता पसरते ती मला फार आवडते. सहा तुकड्यांवर भांडण आहे हे कळतं, आणि ते सहा तुकडे पुन्हा बघितले जातात. बहुतेक वेळा निघतं असं की, एकानं नुसतं पंजे चाटणं ग्रूमिंग धरलं, दुसऱ्यानं धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅनिमल हाउस. इथला खरा गुरू म्हणजे मामा. कुठल्याही कॉलेजात जा, अ‍ॅनिमल हाउस सांभाळणारे मामा असतातच. पिंजऱ्यातलं भाताचं तूस बदलणं, बाटल्या धुणं, खाद्य घालणं हे त्यांचं रोजचं काम. कुठला उंदीर भांडकुदळ आहे, कुठली मादी आज नको म्हणतीय हे त्यांना वहीशिवाय माहीत असतं. मराठीत लहानमोठे सगळे उंदीरच, पण इथं दोनशे ग्रॅमचा रॅट आणि पंचवीस ग्रॅमचा माऊस यांत घोळ झाला तर डोस चुकतो, म्हणून इथं सगळे इंग्रजी नावंच वापरतात. मामासुद्धा.

“घ्या की मॅडम, काय करत न्हाई त्यो. दमानं. शेपटीला धरू नका, खालनं हात घाला. आधी वास घिऊ द्या त्याला.”

मामा जे सवयीनं करतात ते लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० साली मोजून दाखवलं. शेपटीला धरून उचललेले माइस हाताळणाऱ्यापासून लांब राहतात आणि चाचणीत जास्त अस्वस्थ दिसतात. ओंजळीत घेतलेले किंवा नळीतून नेलेले तसे नसतात. म्हणजे चाचणी सुरू व्हायच्या आधीच, पिंजऱ्यातून काढतानाच निम्मा निकाल लागलेला असू शकतो. २०१४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या गटानं आणखी एक गोष्ट दाखवली: पुरुष माणूस खोलीत असला की उंदरांवर ताण येतो, वेदना कमी दाखवली जाते. माणूस नसला आणि त्यानं घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला तरीही तेच. हे सांगितलं की मुली हसतात आणि मुलं आपापले शर्ट हुंगतात. पण वहीत एक रकाना वाढतो: आज प्राणी कुणी हाताळला.

माझी स्वतःची एक फजिती इथं सांगतो, नाहीतर मी फारच शहाणा वाटेन. कॉलेजाचं नाव घेत नाही. मी नवखा होतो, चिंतेवरच्या एका औषधाची चाचणी लावली होती आणि तारखा पडल्या गणेशोत्सवात. कोल्हापुरात त्या दिवसांत रस्त्यावर काय चालतं ते वेगळं सांगायला नको. एका दुपारी कॉलेजासमोरून डॉल्बी गेला. खिडक्यांची तावदानं थरथरली. त्या दिवशीच्या एकाही उंदरानं उपकरणाच्या बंद भागातून डोकं बाहेर काढलं नाही, औषध दिलेल्यांनीही नाही. मी ते आकडे तसेच सरासरीत घातले आणि ‘औषध कुचकामी’ असा निष्कर्ष काढून मोकळा झालो. आवाज वहीत नव्हताच. आता मी मुलांना सांगतो, तुमच्या कानांवर जाऊ नका. रॅटला आपल्या कितीतरी पलीकडचं, ८० किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीत एखादी जुनी ट्यूबलाइट किंवा मॉनिटर त्याच्यासाठी किंचाळत असेल. आणि तो स्वतः धोक्याच्या वेळी २२ किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतो, तेही आपल्याला ऐकू येत नाही. शेजारच्या पिंजऱ्याला येतं.

तिसरा दिवस प्लस मेझचा. जमिनीपासून अर्धा मीटर उंचावर अधिक-चिन्हाच्या आकाराची फळी. चार भुजा, प्रत्येकी ५० सेंटिमीटर लांब आणि १० रुंद. समोरासमोरच्या दोन भुजांना ४० सेंटिमीटरच्या भिंती, उरलेल्या दोन उघड्या, त्या ‘ओपन आर्म’. ही रॅटची मापं, १९८५ साली पेलो, फाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्की केलेली. माऊसचा मेझ लहान असतो. उंदराला मध्यावर ठेवायचं आणि पाच मिनिटं दूर व्हायचं. उंदराच्या पोटात दोन ओढी असतात: नवीन जागा धुंडाळायची आणि उघड्यावर, उंचावर जायचं नाही. बंद भुजा जिंकते की ओपन, ते सेकंदांत मोजायचं. डायझेपामसारखं चिंता कमी करणारं औषध दिलं की ओपन आर्ममधला वेळ वाढतो.

प्रात्यक्षिकात सगळा वेळ जातो तो एका प्रश्नावर: उंदीर आत गेला हे कधी म्हणायचं? नाक गेलं तर? पुढचे दोन पाय? रूढ उत्तर आहे चारही पाय. उंदराला हे माहीत नसतं. तो मागचे दोन पाय मध्यावर ठेवून अंग ताणतो, उघड्या भुजेत डोकावतो, कडेवरून खाली बघतो, पुन्हा मागं येतो. ही ताणून डोकावण्याची क्रिया ‘आत गेला’ मध्ये बसत नाही, पण चिंतेबद्दल तीच जास्त बोलते असं मला अनुभवानं वाटू लागलंय. म्हणून ती वेगळी मोजायला लावतो.

हिशेबही एकदा हातानं करून घ्यायचा. समजा उंदीर ४५ सेकंद ओपनमध्ये होता, १९५ बंदमध्ये आणि ६० मध्यावर. ओपनचं प्रमाण किती? ४५ भागिले ३०० केलं तर १५ टक्के. मध्याचा वेळ वगळून ४५ भागिले २४० केलं तर पावणेएकोणीस. दोन्ही हिशेब छापील लेखांत आढळतात. एका कॉलेजाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवण्याआधी भागाकार कशानं केला ते विचारावं लागतं. आणि एकूण किती वेळा आत-बाहेर केलं तेही मोजायचंच. डायझेपाम जास्त झालं की उंदीर पेंगतो. पेंगणारा उंदीर कुठल्याच भुजेत फारसा जात नाही, आणि निव्वळ टक्केवारी बघणाऱ्याला ते कळत नाही.

मुलांना हटकून वाटतं की प्रत्येक जोडीला तोच उंदीर पुन्हा मेझवर ठेवायला मिळेल. मिळत नाही. एकदा मेझ बघितलेला उंदीर दुसऱ्यांदा तसा वागत नाही, आणि दुसऱ्या वेळी डायझेपामही त्याच्यावर पूर्वीसारखं काम करत नाही. म्हणून प्राणी एकदाच, चित्रीकरण नीट, आणि मोजदाद सगळ्या जोड्यांनी त्याच फितींवर. जनावरंही कमी लागतात. रसेल आणि बर्च या दोघा इंग्रजांनी १९५९ साली जी तीन तत्त्वं मांडली, जनावराऐवजी दुसरं काही वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, त्यातलं दुसरं इथं आपोआप पाळलं जातं.

परवानगीचं प्रकरण मी मुद्दाम या टप्प्यावर काढतो, कारण पहिल्या दिवशी सांगितलं तर सगळे जांभया देतात. कार्यशाळा असली तरी प्राणी वापरायचा म्हणजे संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागतेच. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची एक समिती आहे आणि १९९८ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेला आपली समिती नेमावी लागते. त्या समितीत केंद्राचा प्रतिनिधी असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो आणि विज्ञानाबाहेरचा एक समाजभान असलेला सदस्यही असतो. ‘बी’ नमुन्याच्या अर्जात किती प्राणी, का तेवढेच, त्रास होईल का, झाला तर काय करणार, शेवटी प्राण्याचं काय, हे सगळं लिहायचं. अर्ज कंटाळवाणा आहे खरा, पण ‘का तेवढेच’ या एका रकान्यानं कित्येक फालतू प्रयोग जन्माआधीच मरतात. आणि हेही सांगून टाकतो की, पाचव्या दिवशी मिळणारं प्रमाणपत्र म्हणजे प्रयोग करण्याचा परवाना नव्हे. ते फ्रेम करून लावायला हरकत नाही.

मग पाण्याची टाकी. एडिनबराच्या उत्तरेला सेंट अँड्र्यूज विद्यापीठात रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली ही युक्ती छापली. मोठी गोल टाकी, २६ अंशांचं गढूळ पाणी, आणि पाण्याखाली बोटभर बुडालेला, न दिसणारा एक चौथरा. रॅट उत्तम पोहतो पण त्याला पोहायला आवडत नाही. चौथरा सापडला की तो चढून बसतो. रोज चार खेपा, चार-पाच दिवस. दर खेपेला वेगळ्या बाजूनं सोडलं तरी तो हळूहळू थेट चौथऱ्याकडं जायला लागतो. चौथरा तर दिसत नाही. तो जातो खोलीच्या भिंतीवरची चित्रं, दार, कपाट यांचा अंदाज घेऊन. पुढच्याच वर्षी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग इजा पावलेल्या रॅटला हे जमत नाही. शेवटच्या दिवशी चौथरा काढून घ्यायचा आणि एक मिनिट तो कुठं शोधतो ते बघायचं. टाकीचे चार भाग, नुसत्या योगायोगानं पाव वेळ प्रत्येकात जाईल. त्याहून किती जास्त वेळ त्यानं बरोबर भागात घालवला ती त्याची आठवण.

मॉरिस यांनी पाणी गढूळ करायला दूध वापरलं होतं. गंगावेशीत उभ्या-उभ्या धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात हे सांगितलं की एकजण तरी हळहळतोच. प्रत्यक्षात दूध संध्याकाळपर्यंत नासतं, म्हणून आता बिनविषारी रंग घालतात. तिथंही मेख आहे: पांढरं पाणी आणि पांढरा रॅट, कॅमेऱ्याला काही दिसत नाही. पांढऱ्या रॅटला काळं पाणी बरं. डिसेंबरात टाकी रात्रभर ठेवली की सकाळी पाणी बर्फासारखं. तापमापक न घालता उंदीर सोडला तर तो गारठतो, आणि गारठलेला उंदीर विसरभोळा वाटतो. प्रत्येक खेपेनंतर पंचानं पुसून उबेला ठेवायचं. आणखी एक चूक मी बरेचदा पाहिली. टाकीजवळ मोजणारा रोज एकाच जागी उभा राहतो. चार दिवसांनी रॅटच्या नकाशात कपाट, दार आणि चेकचा शर्ट अशा तीन खुणा असतात. पाचव्या दिवशी तो माणूस रजेवर गेला की सगळ्यांची स्मरणशक्ती गेली.

एवढी खबरदारी खरंच लागते का? लागते, पण खबरदारी घेऊनही सगळं हाती येत नाही. १९९९ साली जॉन क्रॅब, डग्लस वाह्लस्टेन आणि ब्रूस ड्युडेक यांनी अमेरिकेतल्या पोर्टलंड आणि ऑल्बनी आणि कॅनडातल्या एडमंटन अशा तीन प्रयोगशाळांत त्याच वाणांचे माइस, तीच उपकरणं, तेच वेळापत्रक, जमेल ते सगळं सारखं ठेवून तपासलं. तरी काही चाचण्यांचे निकाल जागेगणिक वेगळे आले. एडमंटनमध्ये मोजणाऱ्याला उंदरांची अ‍ॅलर्जी होती, तो श्वसनाचा मुखवटा लावून काम करायचा, एवढा फरक त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलाय. मला हा लेख कार्यशाळेत वाचायला देताना दरवेळी भीती वाटते की, पोरं म्हणतील मग सोडा हे. आजवर कुणी म्हटलेलं नाही. उलट रकाने वाढतात.

ज्या कॉलेजात अ‍ॅनिमल हाउस नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, आणि ती मला जास्त आवडायला लागलीय. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी चिलटं, म्हणजे ड्रोसोफिला. कीटकांना प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागत नाही, पंचवीस अंशांवर दहा दिवसांत नवी पिढी येते आणि शंभर माश्या एका काचेच्या कुपीत मावतात. या माशीच्या वर्तनावरचं मोठं काम आपल्या मुंबईत झालंय. ओबेद सिद्दीकी १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. आधी जिवाणूंवर काम केलं, मग कॅलिफोर्नियात सीमोर बेन्झर यांच्याकडं माशीचे धडे घेतले. खोली तापली की लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर दोघांचा शोधनिबंध १९७६ चा. कुलाब्याला परतून त्यांनी वेरोनिका रॉड्रिग्ज या विद्यार्थिनीसोबत चव आणि वास नीट न कळणाऱ्या माश्या शोधून काढल्या. त्या शोधाचं हत्यार काय होतं? माशीला निवड द्यायची आणि मोजायचं.

माशीचं जेवण शिजवणं हा कोल्हापूरकरांचा घरचा विषय. मक्याचं पीठ, यीस्ट, अगर आणि गोडाला अमेरिकेत मळी वापरतात, आपल्याकडं गूळ. काकवीही चालते. फक्त एक: साऱ्या प्रयोगाला गूळ एकाच ढेपेचा. रसायन मारून पिवळाधमक केलेला गूळ नको, काळा घ्या. बुरशी येऊ नये म्हणून प्रोपिऑनिक आम्ल घालायचं ते मिश्रण कोमट झाल्यावर, उकळत्यात नाही.

चाचणी चढण्याची. वीस माश्या कुपीत, आठ सेंटिमीटरवर पेनानं रेघ. कुपी टेबलावर टक-टक आपटली की सगळ्या तळाला पडतात आणि लगेच वर चढायला लागतात, ती त्यांची उपजत ओढ. दहा सेकंदांत रेघ किती ओलांडतात ते मोजायचं. इतकी साधी चाचणी, पण मेल फीनी आणि वेल्कम बेंडर यांनी २००० साली माणसाचं पार्किन्सनशी निगडित प्रथिन माशीत घातलं तेव्हा वयासोबत माश्यांची चढण्याची ताकद लवकर गेली हे याच जातीच्या चाचणीतून दिसलं. चुका इथंही तशाच. माश्या मोजायला गुंगी दिली आणि तासाभरात चढायला लावलं, तर मोजलेली असते ती गुंगी. एक दिवस जाऊ द्यायचा. दोन कुप्या वेगवेगळ्या जोरानं आपटल्या तर मनगटाचा फरक निकालात येतो.

संगणक चौथ्या दिवशी. बोरिस नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, इटलीतल्या तुरिन विद्यापीठातलं. फीत चालू ठेवायची आणि प्रत्येक वर्तनाला एक कळ दाबायची, सेकंद ते लिहून ठेवतं. पुढची पायरी डीपलॅबकट, २०१८ सालचं. नाक, कान, शेपटीचं मूळ अशा खुणा दोनेकशे चौकटींत हातानं लावून दिल्या की उरलेल्या हजारो चौकटींत ते स्वतः शोधतं. मुलांचे डोळे लकाकतात. मग मी एक फीत दाखवतो जिच्यात ते उंदराचं नाक सोडून चकचकीत तळातल्या प्रतिबिंबाच्या मागं लागलेलं असतं, पूर्ण आत्मविश्वासानं.

प्रत्यक्ष मेंदूत सुई उतरवण्याची शस्त्रक्रिया, स्टिरिओटॅक्सी, एवढ्या दिवसांत दाखवण्यापुरतीच. कवटीचे सांधे जिथं मिळतात तो ब्रेग्मा बिंदू शून्य धरायचा, तिथून पुढं-मागं, डावं-उजवं आणि खोल अशी तीन मापं. मापं येतात पॅक्सिनोस आणि वॉटसन यांच्या नकाशातून, आणि तो नकाशा सुमारे २९० ग्रॅमच्या विस्टार नरांचा आहे. तुमचा रॅट १८० ग्रॅमचा असेल तर सुई शेजारच्या गल्लीत उतरते. हे शिकायचं असेल तर पुण्याला आयसर किंवा बंगळुरूला निम्हान्ससारख्या ठिकाणी कुणाच्या तरी हाताखाली महिनोन्‌महिने राहावं लागतं.

पाचवा दिवस पाकिटाचा. प्लस मेझच्या बारा फिती, तीन पिंजऱ्यांतले चार-चार रॅट. कुणाला डायझेपाम, कुणाला नुसतं मिठाचं पाणी, ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं आणि बंद पाकिटात. मोजणाऱ्या जोड्यांना फक्त ‘अ’ आणि ‘ब’. हे लपवणं कशासाठी ते रॉबर्ट रोझेंथाल आणि केर्मिट फोड यांनी १९६३ साली दाखवलंय. विद्यार्थ्यांना साधेच उंदीर दिले, काहींना सांगितलं तुमचे हुशार जातीचे, काहींना सांगितलं मठ्ठ. ‘हुशार’ उंदीर खरोखर जास्त चांगले निघाले. लबाडी कुणी केली नव्हती.

मागच्या खेपेला पाकीट उघडलं. डायझेपामच्या गटाचा ओपन आर्ममधला वेळ जास्त होता, अपेक्षेप्रमाणं. सगळे उठायला लागले. सांगलीची एक मुलगी मात्र वहीवर वाकलेली. तिनं गट सोडून आकडे वेगळ्याच रांगेत मांडले होते: पिंजऱ्यातून पहिला काढलेला, दुसरा, तिसरा, चौथा. तिन्ही पिंजऱ्यांत चौथ्याचा ओपनमधला वेळ सगळ्यांत कमी. औषध मिळालेल्याचाही. तीनच पिंजरे होते, यावरून काही सिद्ध होत नाही. पण सोबती एकेक करून नाहीसे होताना मागं राहिलेल्या माइसच्या अंगाचं तापमान चढतं हे पूर्वी मोजलं गेलेलं आहे, आणि आमच्या चिठ्ठ्यांत काढण्याचा क्रम टाकायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही.

ती वही घेऊन अ‍ॅनिमल हाउसकडं गेली. मी मागोमाग.

“मामा, पिंजऱ्यातनं आधी कुठला काढता?”

“ज्यो पयला हातात यील त्यो.”

“आणि शेवटचा?”

मामांनी बाटली खाली ठेवली. “दोन नंबरातला एक हाय, कायम मागं कोपऱ्यात जाऊन बसतोय. त्याला शेवटीच काढतो मी. घाबरट हाय त्यो.”

ती लिहायला लागली, आणि मध्येच थांबून तिनं विचारलं, “कुठल्या कोपऱ्यात?”